ट्रॉलीचा प्रवास आणि डिझेलचा थांबा

मैत्रिणींनो, दसरा-दिवाळी उरकली की परतूर, मंठा, घनसावंगी, अंबड या भागातल्या रस्त्यांवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून धावू लागतात. कुणाची टोळी ऊसतोडीला निघालेली, कुणाचे लग्नाचे वऱ्हाड, तर कुणी पंढरीची वाट धरलेली. एकेका ट्रॉलीत काय नसते? गोधड्यांचे गठ्ठे, पिठाचे डबे, पाण्याच्या घागरी, शेळीचे करडू, खुराड्यातल्या कोंबड्या, तान्ही बाळे आणि या सगळ्यांच्या मधोमध पाय आखडून बसलेली म्हातारी सासू. ट्रॉली कसली, चाकांवरचे घरच ते!

परदेशात लोक असे चाकांवरचे घर मोटारीमागे जोडून हौसेने सुट्टीला निघतात. त्याला कॅराव्हॅन म्हणतात. आत पलंग असतो, चूल असते, शीतकपाटसुद्धा असते. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आपल्या ऊसतोड बायकांचा प्रवास काही हौसेचा नव्हे, पोटाचा आहे. पण त्या हौशी मंडळींचा एक नियम आपण जरूर उचलावा. पेट्रोल पंपाच्या आवारात शिरण्याआधीच ते मागच्या घरातला गॅस बंद करतात. त्यांची काही शीतकपाटे गॅसच्या ज्योतीवर चालतात. ती ज्योतही विझवतात. घर मागे जोडलेले असले म्हणजे घरातला विस्तवही आपल्याबरोबर पंपावर येतो, ही साधी गोष्ट त्यांनी ध्यानात ठेवली आहे.

तुम्ही म्हणाल, "अहो, डिझेल भरणं हे पुरुषांचं काम. त्यात आम्ही बायकांनी काय बघायचं?" तेच तर आज सांगायचे आहे. पंपावर ड्रायव्हरचे लक्ष टाकीकडे असते आणि मालकाचे पैशांकडे. मागच्या ट्रॉलीत किती पोरे झोपली आहेत, कुणाच्या हातात विडी आहे, चुलीतला निखारा नीट विझला होता की नाही, हे त्यांना दिसत नाही. ते तुम्हालाच दिसते. म्हणून डिझेलच्या थांब्यावर टाकी पुरुषांनी सांभाळावी आणि ट्रॉली तुम्ही सांभाळावी.

आधी एक स्पष्ट बोलणे

ट्रॉली ही माल वाहण्यासाठी असते, माणसे वाहण्यासाठी नव्हे. मोटार वाहनांचे नियम तेच सांगतात. ट्रॉलीत बसून जाताना काही बरेवाईट झाले, तर विम्याची भरपाई मिळवताना फार अडचणी येतात, हे कुटुंबातल्या बाईला ठाऊक असलेच पाहिजे. तेव्हा जमेल तिथे एक तोड काढावी. सामान ट्रॉलीने आणि माणसे एसटीने किंवा रेल्वेने. २०२३ सालच्या मार्चपासून एसटीत सर्व बायकांना अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. परतूरला तर रेल्वेचे स्टेशनही आहे. घरातली गरोदर सून, बाळंतीण, दम्याची सासू, एवढ्यांना तरी ट्रॉलीत चढवू नये.

पण सगळ्यांनाच हे जमत नाही. मुकादम सांगेल त्या वेळी निघावे लागते, आणि एकदा बिऱ्हाड हलले की बाई पोरांना घेऊन सामानाबरोबरच बसते. तिच्यासाठीच पुढच्या गोष्टी.

टाकी भरायची ती माणसे बसण्याआधी

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात मोठा उपाय हाच. निघायच्या आदल्या संध्याकाळी नुसता ट्रॅक्टर पंपावर पाठवून टाकी भरून आणायला सांगा. ट्रॉली जोडायची ती त्यानंतर. पंपावर लांबलचक गाडी वळवायची कटकट नाही, पोरे जवळ नाहीत, चूल नाही. पुष्कळदा होते काय, सामान चढवून, नारळ फोडून, सगळी बसली की मग कुणाला तरी आठवते, "अरे, डिझेल?" आणि सगळे घर पंपावर जाऊन उभे राहते.

आता वाटेत किती वेळा भरावे लागेल, याचा अंदाज घरी बसून काढता येतो. पिठाचा अंदाज काढता तसाच. समजा, टाकी ६० लिटरची आहे आणि भरलेली ट्रॉली ओढताना तासाला ५ लिटर डिझेल लागते. टाकीचा शेवटचा पाव भाग, म्हणजे १५ लिटर, राखून ठेवायचा. उरले ४५ लिटर, म्हणजे ९ तास. ताशी २० किलोमीटरचा वेग धरला तर १८० किलोमीटर. परतूरहून माजलगाव, धारूर, केज, कळंब, बार्शी असे पंढरपूरला जायचे म्हटले तर अंतर अडीचशे किलोमीटरच्या वर जाते. म्हणजे वाटेत एकदा भरावे लागणारच. त्यात धारूरचा घाट. घाटात डिझेल जास्त पिते. तेव्हा केज-कळंबच्या आसपास, दिवसाउजेडी, एक थांबा आधीच ठरवून टाकावा. तुमच्या ट्रॅक्टरचा आकडा वेगळा असेल. तो ड्रायव्हरला विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

शेवटचा पाव भाग राखायचा कशाला? डिझेलचे इंजिन पार कोरडे पडले की नळ्यांमध्ये हवा शिरते. मग नुसते डिझेल ओतून ते सुरू होत नाही. आधी पान्याने स्क्रू सैल करून ती हवा काढावी लागते. शिवाय टाकीच्या तळाशी बसलेला गाळ फिल्टरमध्ये जाऊन अडकतो. हे सगळे रात्री दोन वाजता, हमरस्त्याच्या कडेला, मागे पोरांनी भरलेली ट्रॉली असताना करायचे म्हणजे जिवाशी खेळ. अंधारात उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली मागून येणाऱ्या मालमोटारीला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. म्हणून ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर आणि चकाकणाऱ्या पट्ट्या आहेत ना, त्यांवर चिखल किंवा लोंबती गोधडी नाही ना, हे निघताना ओल्या फडक्याने पुसता पुसताच बघून घ्यावे.

पंप कोणता निवडावा

ट्रॅक्टर आणि मागे दोन ट्रॉल्या म्हणजे चाळीस-पंचेचाळीस फुटांची गाडी. अशी गाडी मागे घेणे निष्णात ड्रायव्हरलाही कठीण. मागे रेटली की दांडीपाशी दुमडते आणि ट्रॉली भलतीकडेच वळते. म्हणून एका बाजूने आत शिरता येईल आणि दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडता येईल, असा ऐसपैस पंप निवडावा. गावातल्या चिंचोळ्या पंपावर गर्दीत घुसू नये. आणखी एक पाहायचे. ट्रॅक्टर यंत्रापाशी पोहोचला तरी मागच्या ट्रॉलीचे शेपूट रस्त्यावरच राहिलेले असते. तसे होत असेल तर पुढची गाडी हलेपर्यंत आवारातच एका कडेला थांबा. तीही जागा नसेल, तर पुढचा पंप गाठा.

पंपावर काय करायचे

आवारात शिरल्या शिरल्या ट्रॅक्टर थेट यंत्रापाशी नेऊ देऊ नका. आधी कडेला, चाकात हवा भरतात तिकडे थांबायला सांगा. तिथे सगळी माणसे खाली उतरवा. "झोपलंय लेकरू, राहू द्या की" असे कुणी म्हणेल. राहू देऊ नका. झोपलेले मूल उचलून घ्या. पोटात बाळ असलेली आणि म्हातारी माणसे धरून उतरवा. मग रिकामी ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर पुढे जाऊ दे.

माणसे उतरली की ट्रॉलीत फक्त विस्तव शोधायचा. चुलीत निखारा आहे का? गॅसची लहान शेगडी असेल तर सिलिंडरची चावी घट्ट बंद आहे का? दिंडीच्या ट्रॉलीत देवापुढे निरांजन, उदबत्ती लावलेली असते. देव रागावत नाही, ती विझवा. आजोबांची विडी, आजींचा मिश्री भाजायचा तवा, तोही पाहा. निखाऱ्यावर राख लोटणे म्हणजे विझवणे नव्हे. पाणी ओतून काडीने हलवून बघावे. आणि हे पंपाच्या आधी एक-दोन किलोमीटरवरच झालेले बरे.

काही जण म्हणतात, "डिझेल काय पेटत नाही, पेट्रोल पेटतं." हे अर्धेच खरे. पेट्रोलची वाफ थंडीतसुद्धा पेट घेते. डिझेलला त्याहून जास्त उष्णता लागते. पण आपल्याकडच्या मानकाप्रमाणे ती मर्यादा किमान ३५ अंश ठेवलेली आहे, आणि आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो! त्यातून ट्रॅक्टरची टाकी असते तापलेल्या इंजिनाच्या जवळ. शिवाय त्याच पंपावर शेजारच्या नळीतून कुणी तरी मोटारसायकलीत पेट्रोल भरत असतोच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत दूरवर जाते. तुमच्या ट्रॉलीतला निखारा तिला पुरतो.

इंजिन बंद झाल्याशिवाय टाकीचे झाकण उघडू देऊ नका. टाकी काठोकाठ भरायला सांगू नका. उन्हाने डिझेल फुगते आणि बाहेर सांडते. रात्री टाकीत किती आहे हे बघायला काडी ओढणारे महाभाग अजून आहेत. त्यांच्या हाती बॅटरी द्या. पंप जरा उताराचा असेल तर चाकाखाली दगड लावायला सांगा, आणि निघताना तो दगड आठवणीने उचलून बाजूला ठेवा. आपला दगड दुसऱ्याच्या चाकाखाली येऊ नये.

पोरांना एकच गोष्ट शंभरदा बजावायची. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मधल्या दांडीवर चढायचे नाही, तिच्याखालून पलीकडे जायचे नाही. गाडी एक वीतभर हलली तरी तिथे मूल चेंगरते.

डबे, कॅन आणि नळी

शेतातल्या इंजिनासाठी कॅनमध्ये डिझेल घेण्याची सवय आपल्याकडे आहेच. कॅन न्यायचाच असेल तर घट्ट झाकणाचा, न गळणारा असावा, आणि माणसे बसतात त्या ट्रॉलीत तो मुळीच ठेवू नये. कॅन भरताना ट्रॉलीत किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर ठेवून भरू नका. खाली जमिनीवर ठेवून भरा. प्लॅस्टिकवर घासणीने ठिणगी पडू शकते. हिवाळ्यात नायलॉनची साडी काढताना चटचट आवाज येतो ना, ती तीच ठिणगी. पेट्रोल तर पाण्याच्या बाटलीत कधीच घेऊ नये. तहानलेले पोर बाटली पाहून तोंडाला लावते.

तोंडाने नळी ओढून डिझेल काढणे हा तर घरोघरचा प्रकार! एक घोट चुकून छातीत गेला तरी फुप्फुसाला सूज येते. मुलाने डिझेल, पेट्रोल किंवा रॉकेल प्यायले, तर आपल्या आया मिठाचे पाणी पाजून उलटी करवायच्या. तसे करू नका. उलटी होताना तेच तेल श्वासनळीत शिरते आणि जास्त घात होतो. दूधही पाजू नका. तोंड पुसा, तेल लागलेले कपडे काढा, मुलाला बसते ठेवा आणि तडक दवाखाना गाठा. १०८ नंबर फिरवला की रुग्णवाहिका येते. मूल बरे दिसले तरी डॉक्टरांना दाखवाच. खोकला आणि धाप काही तासांनीही सुरू होऊ शकते.

साडीवर डिझेल-पेट्रोल उडाले तर तशीच चुलीपाशी बसू नका. साडी बदला, ती उघड्या हवेत वाळू द्या आणि इतर कपड्यांपासून वेगळी धुवा. हातापायाला लागले तर साबणाने धुवा. सांडलेले डिझेल पेटलेच, तर त्यावर पाणी ओतू नका. तेल पाण्यावर तरंगते आणि आग आणखी पसरते. पंपावर वाळूच्या बादल्या लाल रंगात टांगलेल्या असतात, त्या त्यासाठीच. अंगावरच्या कपड्याने पेट घेतला तर पळू न देता खाली लोळवा आणि जाड सुती गोधडीत गुंडाळा.

हा थांबा तुमचाही आहे

आता एक नाजूक, पण महत्त्वाची गोष्ट. ट्रॉलीने निघायचे म्हटले की पुष्कळ बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. वाटेत आडोसा मिळायचा नाही, गाडी थांबवा म्हणायची लाज वाटते, म्हणून. उन्हातान्हात दहा-दहा तास असे कोरडे राहिल्याने लघवीची जळजळ, डोकेदुखी, ताप मागे लागतो. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईला तर पाणी हवेच हवे.

पंपावर पिण्याचे पाणी, शौचालय आणि चाकात हवा भरणे या सोयी फुकट द्याव्या लागतात. डिझेल घेणाऱ्या पुरुषापुरत्या त्या नाहीत. शौचालयाला कुलूप असेल तर संकोच न करता सांगा, "भाऊ, जरा चावी द्या." दोघी-तिघी मिळून जा, मुलींना एकटे पाठवू नका. नाहीच दिली, तर तक्रारीची वही मागा. तीही पंपावर ठेवावीच लागते. औषधाची पेटीसुद्धा असते.

टाकी भरायला पाच मिनिटे लागतात. तेवढ्यात पंधरा-वीस बायका-पोरांचे कसे उरकेल? म्हणून निघतानाच ड्रायव्हरदादाला आणि मुकादमाला सांगून ठेवावे, "डिझेलला थांबाल तिथं अर्धा तास थांबायचं." त्यांनाही चहा होतो, पाय मोकळे होतात, झोप उडते. टाकी भरली की ट्रॅक्टर यंत्रापासून हलवून पुन्हा कडेला आणावा, म्हणजे मागच्यांची खोटी होत नाही.

हिशेब बाईच्या वहीत

दिंडीला किंवा लग्नाला जाताना डिझेलची वर्गणी निघते, आणि पुढे त्यावरून कुरबुरी होतात. त्या टाळायच्या तर वहीत तीन गोष्टी टिपाव्या: तारीख, किती लिटर आणि किती रुपये. भरण्याआधी यंत्रावर शून्य आहे का, हे तुम्हीही पाहा. पावती मागून घ्या. माप कमी वाटले, तर प्रत्येक पंपावर सरकारी शिक्क्याचे ५ लिटरचे माप असते, त्यात मोजून दाखवायला सांगता येते. ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही.

वाटणीचे उदाहरण घ्या. जायला १३ तास लागले, तासाला ५ लिटर, म्हणजे ६५ लिटर. घरे पाच असली तर घरटी १३ लिटर. येताना तेवढेच. निघण्याआधीच हे सगळ्यांना वाचून दाखवले की परतताना तोंडे वाकडी होत नाहीत.

निघताना

गाडी हलण्याआधी चार गोष्टी बघायच्या. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणारी पिन जागेवर आहे का, आणि ती निसटू नये म्हणून लावलेली कडी बसली आहे का. टाकीचे झाकण घट्ट आहे का. मागचा दिवा लागतो का. आणि शेवटची, सगळ्यात मोठी गोष्ट, माणसे मोजायची. निघताना घरी मोजली तेवढीच आहेत का? नुसते "आली का सगळी?" असे विचारू नका. प्रत्येक पोराच्या डोक्याला हात लावून मोजा. शौचालयात गेलेली एखादी मुलगी मागे राहते आणि पाच मैल गेल्यावर आई कपाळ बडवते.

मोजणी पुरी झाली की टोळीतल्या एकीने ड्रायव्हरला मोठ्याने सांगायचे, "चला भाऊ, निघू द्या." तिने सांगितल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असे आधीच ठरवून घ्या. कोण सांगणार तेही निघतानाच नेमा. शक्यतो जिच्या आवाजाला सगळी टोळी वचकते, अशीच एखादी आत्या किंवा मावशी त्यासाठी बरी!

पुढच्या आठवड्यात बघू या, प्रवासात चार दिवस टिकणाऱ्या दशम्या आणि चटण्या.